भीतीच्या वेळी जवळ कोण?

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागे, तेव्हा 'हे मुलांना दाखवावे की नाही' असा प्रश्न फारसा कुणाच्या मनात येत नसे. घरात एकच संच, त्यासमोर सारे घर. शेरखान मोगलीच्या मागे लागला की धाकटे पोर आजीच्या मांडीवर सरके आणि आजी हातातले निवडण-टिपण न थांबवता म्हणे, 'काही होत नाही त्याला.' तेवढ्याने भागत असे. आता मुलाच्या हाती स्वतंत्र पडदा आहे, कानात यंत्र आहे आणि ते दुसऱ्या खोलीत आहे. शेरखान अजून आहेच. आजी मात्र त्या खोलीत नाही.

म्हणूनच आजचे आईबाप या प्रश्नाने हैराण होतात, आणि बहुधा दोन टोकांपैकी एक गाठतात. 'कार्टूनच तर आहे, बघू दे' हे एक; 'मारामारी दिसतेय, बंद कर ते' हे दुसरे. दोन्ही निर्णयांत एक साम्य असते. समोर चाललेला भाग निर्णय देणाऱ्याने पाहिलेला नसतो.

माझी उमेद बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. कागद कितीही चोख असले, तरी जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय मंजुरीची सही करायची नाही, हा तिथला पहिला धडा. त्याला आम्ही स्थळपाहणी म्हणत असू. मुलांच्या कार्यक्रमांवर छापलेले वयाचे शिक्के हे असे कागद आहेत. ते उपयोगी असतात, यात शंका नाही. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या चित्रपट-मालिकांचे पाच गट पाडले: सर्वांसाठी, सात वर्षांपुढे, तेरापुढे, सोळापुढे आणि केवळ प्रौढांसाठी. अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी अशी पद्धत १९९७ पासून आहे. तिथला 'सात वर्षांपुढे' हा शिक्का खरे आणि खोटे-खोटे यांतला फरक कळू लागलेल्या मुलांसाठी असतो; त्यापुढे कल्पित मारामारीची सूचना देणारी वेगळी अक्षरेही असतात. पण तुमच्या घरातल्या सात वर्षांच्या मुलीची आजी गेल्याच महिन्यात वारली आहे, हे त्या शिक्क्याला कुठून कळणार? ती स्थळपाहणी आईबापांनीच करायची.

ती कशी करावी, हे एका भागाच्या आधाराने पाहू. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही अमेरिकी चित्रमालिका निकलोडियन वाहिनीवर २००५ ते २००८ या काळात आली. मायकेल दान्ते दिमार्टिनो आणि ब्रायन कोनियेट्झ्को हे तिचे निर्माते. एकूण भाग ६१. हा मुलगा पुन्हापुन्हा जन्म घेणारा 'अवतार' आहे, एवढे कळले की मराठी प्रेक्षकाला पुढे फार समजावून सांगावे लागत नाही. बारा वर्षांचा आंग वाऱ्यावर हुकमत चालवणाऱ्या भिक्षूंमध्ये वाढला. तो हिमनगात गोठून राहिला आणि शंभर वर्षांनी बाहेर आला. मधल्या काळात अग्निराष्ट्राने युद्ध पुकारून त्याचे सगळे लोक संपवले होते. आंगला हे ठाऊक नाही. त्याच्या लेखी तो चार दिवसांपूर्वीच घरून निघाला आहे.

मालिकेचा तिसरा भाग त्याच्या घरी परतण्याचा आहे. लांबी साधारण चोवीस मिनिटे. सोबत कटारा आणि तिचा भाऊ सॉका. वाटेत कटारा त्याला सावध करू पाहते. अग्निराष्ट्राच्या लोकांनी आपल्या आईलाही मारले, हे सांगते. आंग मानत नाही. आपले लोक उडून निसटले असतील, असे त्याला वाटते. मठ ओस पडलेला. एका ठिकाणी शत्रूच्या सैनिकाचे शिरस्त्राण सापडते. कटारा आंगला हाक मारते, आणि तो जवळ येताच तिचा धीर सुटतो. त्या शिरस्त्राणावर ती बर्फाचा ढीग पाडते, ते झाकून टाकते. त्याला तू कायमचा जपू शकणार नाहीस, असे भाऊ तिला बजावतो. पुढे एका लेमूरच्या मागे धावताना आंग एकटाच एका पडक्या जागी शिरतो. तिथे सैनिकांच्या सांगाड्यांच्या मधोमध त्याचा गुरू ग्यात्सो बसलेला आहे. उरली आहेत ती हाडे, अंगावरचे कापड आणि गळ्यातली माळ.

आंग कोसळतो. मग त्याचे डोळे पांढरे चमकू लागतात, वादळ उठते, सोबत्यांना उभे राहणे कठीण होते. कटारा वाऱ्याला रेटत त्याच्यापाशी जाते. आई गेली तेव्हा मलाही असेच झाले होते, असे सांगते. आता आम्ही तुझे घर आहोत, म्हणते. तो खाली उतरतो. ती त्याचा हात धरते.

आता दाखवावे की नाही? पहिली गोष्ट वयाची. भीती सगळ्यांना एकाच जागी लागत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोअॅन कँटर यांनी १९८०च्या दशकात सहकाऱ्यासह 'हल्क' या मालिकेवर एक प्रयोग केला होता. साधा माणूस हिरवा राक्षस होतो, त्या दृश्याला तीन ते पाच वर्षांची मुले सर्वांत जास्त घाबरली. नऊ ते अकराची मुले त्या दृश्याला तितकी घाबरली नाहीत. लहान मूल दिसण्याला घाबरते, मोठे मूल अर्थाला. हाच हिशेब या भागाला लावा. पाच वर्षांचे मूल चमकत्या डोळ्यांना घाबरेल आणि सांगाडा कदाचित विसरून जाईल. नऊ वर्षांचे मूल डोळ्यांची मजा पाहील. पण रात्री अंथरुणात विचारील, 'सगळेच मेले? एकही उरला नाही?' म्हणजे मोठ्याला दाखवून मोकळे झालो, असे नाही. त्याच्यापाशी काम अधिकच आहे.

दुसरी गोष्ट मारामारीची. ठोसे किती पडले, हे मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक ठोसा कुणाच्या खात्यावर नावे पडला, ते पाहावे. ज्या गोष्टीत इमारती कोसळतात, माणसे उडतात आणि पुढच्या क्षणी सारे हसू लागतात, तिथे रक्ताचा थेंब नसला तरी हिशेब खोटा आहे. या भागात एकही हत्या पडद्यावर होत नाही, पण एका मरणाचे ओझे शेवटपर्यंत उतरत नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते. न दाखवलेले मरण वाचकाच्या मनात जास्त दिवस राहते.

याच भागात एक द्वंद्वही आहे. घरातून हाकललेला, चेहऱ्यावर भाजल्याची खूण असलेला राजपुत्र झुको आंगचा पाठलाग करतो आहे. म्हणजे सध्या तरी तो खलनायक. सेनानी झाओशी त्याची लढत होते. झाओ खाली पडतो. शेवटचा घाव घालायची संधी असताना झुको जमिनीवर आग सोडतो आणि पाठ फिरवतो. झाओ मागून वार करू पाहतो, तेव्हा झुकोचा काका तो अडवतो. ज्याला वाईट ठरवले, त्याच्याही अंगी मर्यादा आहे, हे मुलाला दोन मिनिटांत दिसते. असा प्रसंग ज्या भागात आहे, तो 'मारामारी' या एका शब्दाखाली बाद करणे अन्यायाचे होईल.

नावावरूनही फसू नये. हीच कथा २०२४ मध्ये खऱ्या नटांना घेऊन नेटफ्लिक्सवर आली. तिच्या पहिल्याच भागात मठावरचा हल्ला आणि ग्यात्सोचा मृत्यू प्रत्यक्ष दाखवला आहे. कथा एकच असली तरी आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीला दिलेली मंजुरी दुसरीला चालत नाही.

कुणी म्हणेल, मुलांच्या गोष्टीत मरण हवेच कशाला? पण आपण लहानपणी काय ऐकले? भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला वाटेत वाघ खायला टपलेला. श्रावणबाळाला बाण लागतो. अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येत नाही. कंस तान्ही बाळे शिळेवर आपटतो. ही सारी निजायच्या वेळची गोष्ट होती! ती पचली, कारण सांगणारी व्यक्ती मुलाचा चेहरा पाहत सांगत होती. डोळे विस्फारले की ती कंसाला आवरता घेई आणि गोकुळात शिरे. पडद्याला मुलाचा चेहरा दिसत नाही. ती उणीव शेजारी बसणाऱ्याने भरून काढायची असते.

म्हणून सल्ला साधाच आहे. भाग आधी स्वतः पूर्ण पाहावा. चोवीस मिनिटे ही काही फार मोठी गुंतवणूक नव्हे. मग मुलाबरोबर पुन्हा पाहावा. मध्ये थांबवून बोधामृत पाजू नये. मूल तोंड फिरवील किंवा आपला हात पकडील, तर 'एवढ्याला काय घाबरतोस' हे वाक्य गिळून टाकावे आणि थांबायचे का, ते विचारावे. संपल्यावर एखादाच प्रश्न करावा: 'कटाराने ते शिरस्त्राण का लपवले असेल?' उत्तर न आल्यास सोडून द्यावे. कदाचित ते दोन दिवसांनी, भलत्याच वेळी येईल. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हा भाग आणखी दोन वर्षांनी दाखवला तर काही बिघडत नाही. आणि घरात नुकतेच कुणी गेले असेल, तर शिक्का काहीही सांगो, आधी मुलाशी त्या माणसाविषयी बोलावे, मालिका मागाहून.

ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे घरात मयत झाली की मुलांना शेजारी पाठवतात. आजोबा 'देवाघरी गेले' म्हणून सांगतात आणि विषय बदलतात. कटाराने टाकलेला बर्फ तो हाच. तिचा हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे झाले असे, की आंगला जे कळायचे ते तो एकटा असताना कळले. पुढे त्याला सावरले ते लपवण्याने नव्हे, वादळात जवळ जाण्याने.

कार्यक्रम निवडताना आपण त्यात भीती किती आहे, याची चौकशी करतो. त्याऐवजी दोन गोष्टी पाहाव्यात. गोष्टीतले पात्र घाबरते, तेव्हा त्याच्याजवळ कुणी येते का? आणि ती गोष्ट पाहणारे आपले मूल घाबरते, तेव्हा त्याच्याजवळ कोण असते? पहिल्याचे उत्तर मालिका लिहिणाऱ्यांनी द्यायचे आहे. दुसऱ्याचे मात्र आपल्याकडेच मागितले जाणार.