दात्याच्या दोन बाजू

लेखमाला : इंजिनापासून चाकापर्यंत – हप्ता सहावा

१९४८ च्या जूनमध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी ‘पोर्शे’ नावाची पहिली गाडी, ३५६, रस्त्यावर आली, तेव्हा तिचे बरेचसे भाग फोक्सवागन बीटलचेच होते. बीटलचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं. या दोन आसनांच्या गाडीत ते ॲक्सलच्या पुढे हवं होतं. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन हा अख्खा संच उलटा फिरवून बसवण्यात आला. पण नुसतं एवढंच केलं, तर गाडीला चार गिअर मागे जाण्याचे आणि एक पुढे जाण्याचा! अशा वेळी उपाय एकच असतो. पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक, आणि ते ज्याला फिरवतं ते मोठं म्हणजे क्राउन व्हील. हे क्राउन पिनियनच्या ज्या अंगाला असेल, तिथून काढून दुसऱ्या अंगाला न्यायचं. पिनियन पूर्वीच्याच दिशेने फिरतो, क्राउन मात्र उलट फिरू लागतं आणि गाडी सरळ चालते.

पोर्शेचं उत्पादन १९५० मध्ये स्टुटगार्टच्या उत्तर टोकाला, त्सुफेनहाउझेनला आलं. हीच युक्ती तिथेही पुन्हा लागली. १९६९ मध्ये आलेल्या ९१४ या मॉडेलमध्ये इंजिन मधोमध होतं आणि गिअरबॉक्स मूळ ९११ च्या घराण्यातला. ९११ मध्ये इंजिन ॲक्सलच्या मागे, गिअरबॉक्स पुढे. ९१४ मध्ये बरोबर उलट. त्यामुळे तिथेही क्राउनने बाजू बदलली. सहा सिलिंडरची ९१४ त्सुफेनहाउझेनमध्येच जुळवली जायची. म्हणजे एकाच आवारातून निघणाऱ्या दोन गाड्यांत तेच दाते, पण क्राउन एकीत एका अंगाला आणि दुसरीत दुसऱ्या.

कागदावर हे ‘इकडचं तिकडे’ एवढंच असतं. फिटरचं खरं काम त्याच्या पुढे सुरू होतं. क्राउनचे दाते पिनियनच्या दात्यांत किती खोल आणि किती सैल बसले आहेत, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात ठरवावं लागतं. मागच्या हप्त्यात आपण डिफरन्शियल दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने कसं फिरू देतं ते पाहिलं. आज त्या पेटीत ताकद जिथून शिरते ती जोडी पाहायची.

एक खुलासा आधीच करतो. तुमच्या दारात मारुती किंवा ह्युंदाईची छोटी गाडी असेल, तर तिच्यात हे प्रकरणच नाही. तिथे इंजिन आडवं असतं, सगळे शाफ्ट ॲक्सलला समांतर असतात आणि ताकदीला काटकोनात वळावं लागत नाही. बोलेरो, मालट्रक, एसटीची बस, ट्रॅक्टर यांच्यात मात्र शाफ्ट लांबीच्या दिशेने येतो आणि चाकाकडे वळतो. ते वळण म्हणजेच क्राउन-पिनियन. ट्रकमध्ये त्यांना मागच्या ॲक्सलवर स्वतःची वेगळी पेटी मिळते. ९११ मध्ये गिअरबॉक्सचा बाहेर पडणारा शाफ्ट आणि पिनियन हा एकच तुकडा आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं कवच एक, तेलही एकच. पिनियन एका शिमने, म्हणजे पातळ चकतीने, पुढे सरकवला, की त्या शाफ्टवरचे सगळे गिअरही तेवढेच सरकतात. मग गिअर पाडणाऱ्या काट्यांची जागाही पुन्हा लावावी लागते. म्हणून हे काम शिकायला ९११ चा जुना गिअरबॉक्स चांगला मास्तर आहे. चूक केली तर ती एका जागी राहत नाही.

जोडी म्हणजे खरोखरच जोडी. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकत्र फिरवून घासले जातात, चाचणीच्या यंत्रावर जिथे सर्वांत शांत चालतात ती जागा नोंदवली जाते, आणि दोघांवर एकच जोडी-क्रमांक कोरला जातो. पिनियनच्या तोंडावर आणखी एक आकडा असतो: आदर्श अंतरापासून ही जोडी किती शतांश मिलिमीटर दूर शांत चालली, तो. एकाचं क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन घेऊन ‘चालेल’ म्हणणाऱ्या दुकानात गाडी सोडू नये, एवढं माझं स्पष्ट मत.

दात्यांची संख्याही विचार करून ठरवलेली असते. सुरुवातीच्या ९११ मध्ये पिनियनला ७ आणि क्राउनला ३१ दाते होते, पुढे ९१५ गिअरबॉक्सच्या नंतरच्या आवृत्त्यांत ८ आणि ३१. दोन्ही आकड्यांना समान भाजक नाही. त्यामुळे ७:३१ मध्ये पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला भेटतो, आणि तीच भेट पुन्हा व्हायला पिनियनचे ३१ फेरे जावे लागतात. एखाद्या दात्यावरचा बारीक दोष एकाच सोबत्याला कोरत बसत नाही, सगळ्यांत वाटला जातो.

आता जुळवणी. आधी पिनियनची खोली. क्राउनच्या मध्यरेषेपासून पिनियनच्या तोंडापर्यंतचं अंतर गेजने मोजायचं, कोरलेला आकडा हिशेबात धरायचा आणि तेवढ्या जाडीच्या शिम बेअरिंगच्या आधारामागे घालायच्या. त्यानंतर क्राउनच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगना प्रीलोड, म्हणजे थोडं आधीच दाबून ठेवणं. मग बॅकलॅश: पिनियन घट्ट धरून क्राउन मागे-पुढे हलवलं तर दात्यावर किती मोकळीक जाणवते ते. डायल गेजची सुई दात्याच्या बाहेरच्या टोकाला, काटकोनात टेकवायची. जुन्या ९११ मध्ये ही मोकळीक ०.१२ ते ०.१८ मिमी लागते, म्हणजे जेमतेम दोन केसांएवढी. क्राउन फिरवून तीन-चार ठिकाणी मोजायची. आकडे एकमेकांपासून ०.०५ मिमीहून जास्त लांब गेले तर क्राउन वाकडं बसलं आहे किंवा त्याच्या बैठकीत कचरा अडकला आहे. बॅकलॅश बदलायचा तर एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला घालायची. एकूण बेरीज तीच ठेवली की प्रीलोड बिघडत नाही.

थंड गाडीत लावलेला प्रीलोड गरम गाडीत राहत नाही, हेही इथेच लक्षात घ्यायचं. ९१५ चं कवच आधी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं होतं, नंतर ॲल्युमिनियमचं झालं. तापमान ८० अंशांनी वाढलं, तर १०० मिमी लांबीचं मॅग्नेशियम साधारण ०.२ मिमी वाढतं आणि तेवढंच पोलाद ०.१ मिमी. आतलं पोलाद कमी पसरतं, बाहेरचं कवच जास्त, आणि बेअरिंगवरची पकड सैल होते. हा फरक पूर्ण बॅकलॅशच्या तोडीचा आहे. म्हणूनच प्रीलोड थंडपणी जरा जास्त वाटेल असाच सांगितलेला असतो, आणि ‘फिरायला जड वाटतंय’ म्हणून तो ढिला करणारा माणूस महिन्याभराने येणाऱ्या आवाजाची सोय करून ठेवतो.

इतकं झालं की निळा. प्रुशियन ब्लूची पातळ पुटी क्राउनच्या सहा-आठ दात्यांच्या दोन्ही बाजूंना लावायची. पातळ म्हणजे धातू खालून दिसेल इतकी. दाट लावली तर दात्याच्या कडेला सरकलेला रंगच ठसा म्हणून वाचला जातो. मग क्राउनला लाकडाची पाचर किंवा हात लावून थोडा विरोध करायचा आणि पिनियन दोन्ही दिशांनी फिरवायचा. विरोध नसेल तर दाते नुसते शिवून जातात, ठसा उमटत नाही. शेवटी जिथे दाते एकमेकांवर टेकले तिथला रंग निघून गेलेला दिसतो. तो भाग म्हणजे ठसा.

ठशाच्या जागेला चार नावं आहेत. दात्याचं आतलं, मध्याकडचं टोक म्हणजे टो. बाहेरचं रुंद टोक म्हणजे हील. वर माथा, खाली बूड. आणि दाता वळणदार असल्यामुळे त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. एक फुगीर, एक खोलगट. सहसा क्राउनची फुगीर बाजू गाडी ओढताना भार घेते. खोलगट बाजू भार घेते ती गाडीच इंजिनाला ओढते तेव्हा, म्हणजे कसारा घाट गिअरमध्ये उतरताना.

गाडी बहुतेक वेळ पुढे ओढली जाते, म्हणून बहुतेक फिटर फुगीर बाजूच पाहतात, ठसा मधोमध दिसला की झाकण लावतात. खरी गोम इथे आहे. एका बाजूचा ठसा सरकलेला दिसला, तर त्यावरून पिनियन चुकला की क्राउन, हे सांगता येत नाही. दोन्ही कारणांनी तो त्याच दिशेला जाऊ शकतो. दुसरी बाजू पाहिली की उलगडा होतो.

समजा पिनियन गरजेपेक्षा आत गेला आहे. मग दोन्ही बाजूंचे ठसे बुडाकडे उतरतात, पण फुगीर बाजूचा थोडा टोकडे जातो आणि खोलगट बाजूचा हीलकडे. पिनियन फार बाहेर राहिला असेल तर दोन्ही माथ्याकडे चढतात, आणि फुगीर बाजूचा हीलकडे, खोलगटचा टोकडे. म्हणजे पिनियनची चूक ठशांना विरुद्ध टोकांकडे पाठवते. आता क्राउन जास्त जवळ आलं असेल, बॅकलॅश कमी असेल, तर दोन्ही ठसे थोडे खाली आणि दोन्हीही टोकडे. लांब गेलं असेल तर दोन्ही थोडे वर, दोन्ही हीलकडे. क्राउनची चूक ठशांना एकाच टोकाकडे नेते.

आता फुगीर बाजूचा ठसा खाली आणि टोकडे सरकलेला पाहा. एकट्याने पाहिला तर क्राउन दूर करावंसं वाटेल. खोलगट बाजूला तो हीलकडे असेल, तर क्राउन हलवून काही होणार नाही. पिनियन मागे घ्यायचा आहे. या गोंधळात आधी क्राउन हलवलं, की बॅकलॅश बिघडतो, तो सुधारायला पिनियन हलवला की ठसा पुन्हा पळतो, आणि संध्याकाळपर्यंत टेबलावर शिमचा ढीग साचतो. पिनियन आधी, क्राउन नंतर, हा क्रम त्यासाठीच.

ठसा अगदी मधोमध हवा, ही समजूतही अर्धीच खरी आहे. हाताने फिरवताना भार नसतो. इंजिनाचा पूर्ण जोर आला की कवच आणि शाफ्ट किंचित वाकतात, ठसा पसरतो आणि हीलकडे सरकतो. म्हणून बिनभाराचा ठसा मध्यापासून जरासा टोकडे ठेवणं बरं. हातावर सुंदर मधोमध दिसणारा ठसा चढावर हीलच्या कडेवर जाऊन बसू शकतो, आणि दात्याचा तुकडा पडतो तो बहुधा अशा कडेवरच.

आवाजाचाही इथे उपयोग होतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागून घूंss असा सूर येतो आणि पाय काढल्यावर थांबतो, तर फुगीर बाजू संशयित. पाय काढल्यावरच सुरू होत असेल तर खोलगट. दोन्ही वेळा सारखाच येत असेल तर आधी बेअरिंग बघावं, निळा नंतर.

दाते कापण्याच्या पद्धतीही एकाहून अधिक आहेत. अमेरिकेच्या रॉचेस्टरमधल्या ग्लीसन कंपनीच्या पद्धतीत दाता हीलकडे उंच आणि टोकडे बुटका होत जातो. जर्मन क्लिंगेलनबर्गच्या पद्धतीत त्याची उंची टोपासून हीलपर्यंत सारखीच राहते. बीटलच्या पिनियनवर ‘जी’ किंवा ‘के’ अक्षर कोरलेलं असायचं, ते यासाठीच. वर सांगितलेल्या सरकण्याच्या दिशा ग्लीसन पद्धतीच्या दात्यांवर स्वच्छ दिसतात. समान उंचीच्या दात्यांवर ठसा वेगळ्या प्रमाणात सरकतो, तेव्हा एका जोडीचा तक्ता डोळे मिटून दुसरीला लावू नये.

गंमत अशी, की त्सुफेनहाउझेनमध्ये २०१९ पासून तयार होणाऱ्या विजेच्या टायकानला यातलं काहीच लागत नाही. मोटर ॲक्सलच्या दिशेनेच बसवलेली, ताकदीला वळण नाही, म्हणून क्राउन-पिनियनही नाही. तिथल्या पोर्शे संग्रहालयात मात्र जुन्या गाड्या दुरुस्त करणारी कार्यशाळा काचेतून पाहता येते. जोवर ३५६ आणि जुन्या ९११ चालत्या ठेवायच्या आहेत, तोवर हे काम तिथे संपत नाही. आपल्याकडे तर ते ट्रक-ट्रॅक्टरच्या प्रत्येक गॅरेजात रोजचं आहे.

राहता राहिला तो ठसा, जो कुठल्याच शिमने सुधारत नाही. फुगीर बाजूला टो, खोलगट बाजूला हील, पण उंची दोन्हीकडे बरोबर मध्यावर. पिनियन चुकला असता तर ठसे वर किंवा खालीही गेले असते. इथे तसं नाही. म्हणजे दोन शाफ्टच्या मध्यरेषा एकमेकींना जिथे भेटायला हव्यात तिथे भेटत नाहीत. कवच वाकलं आहे, किंवा बेअरिंगची बैठक झिजून खाली बसली आहे. आणि एका बाजूला ठसा माथ्यावर, दुसऱ्या बाजूला बुडाशी असेल, तर दोष दाते कापतानाच राहिलेला. पहिल्या प्रकारात कवच मोजायला पाठवायचं, दुसऱ्यात जोडी परत करायची. शिमचा डबा दोन्ही वेळा बंदच ठेवायचा.

(पुढच्या हप्त्यात : एक चाक चिखलात घसरलं, की डिफरन्शियल सगळी ताकद त्यालाच का देतं, आणि त्याला आवर घालणाऱ्या लिमिटेड स्लिपच्या चकत्या.)