बूस्ट गेज बसवला आणि आयडल बिघडला

टर्बो पेट्रोल गाडीला हौसेने बूस्ट गेज बसवला आणि सिग्नलला उभं असताना आरपीएम वर-खाली व्हायला लागला, तर पहिला संशय नव्या टीवर घ्यावा. प्लग, कॉइल नंतर बघता येतात.

मेकॅनिकल गेजला इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बारीक नळीतून मिळतो. त्यासाठी मूळ व्हॅक्यूम होज कापून मध्ये टी घालतात. म्हणजे जिथे एकही सांधा नव्हता तिथे तीन झाले, गेजमागचा धरला तर चार. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा साधारण 0.6 ते 0.7 बार कमी दाब असतो आणि ढिल्या सांध्यातून हवा आत ओढली जाते. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत ही हवा न मोजताच आलेली असते. ईसीयू तिच्या वाटणीचं पेट्रोल सोडत नाही, मिश्रण पातळ होतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. बूस्ट आला की उलटं होतं: मोजलेली हवा बाहेर पळते आणि पेट्रोल जास्त पडतं. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाड्यांत मिश्रण फारसं बिघडत नाही, आयडल मात्र चढतो.

गळती शोधताना सगळं इंजिन उसकटायची गरज नाही. इंजिन चालू ठेवून, फॅन-बेल्टपासून हात लांब ठेवून, गेजकडे जाणारी रबरी नळी टीच्या अगदी जवळ कापड गुंडाळलेल्या पक्कडीने चिमटा. आयडल जागेवर आला तर गळती गेजच्या बाजूला. नाही आला तर टी किंवा मूळ होजची टोकं. नळी कडक नायलॉनची असेल तर चिमटू नका, मोडते. ती काढून टीचं तोंड बंद करून बघा. साबणाचं पाणी बरेच जण आयडलला लावतात आणि बुडबुडे दिसले नाहीत म्हणून निर्धास्त होतात. तिथे दिसणारच नाहीत, कारण हवा आत जातेय. इंजिन बंद करून, नळी सोडवून, हातपंपाने हलका दाब दिला तरच बुडबुडे येतात. कार्ब क्लीनर फवारायची युक्ती गरम इंजिनावर आग लावू शकते.

सापडलेला दोष बहुधा साधाच असतो. होजचं टोक पसरलेलं किंवा चिरलेलं असेल तर धारदार कटरने सरळ छेद घेऊन सेंटिमीटरभर कापा. टीचं माप होजच्या आतल्या मापाशी जुळलं पाहिजे. सैल टीवर झिप टाय आवळून भागत नाही, टायच्या डोक्यापाशी फट राहते. छोटी स्प्रिंग क्लिप चांगली. सीलंट लावू नका, त्याचा तुकडा आत ओढला जातो. फायरवॉलच्या भोकात ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार नळी कापते, तेही बघा.

ब्रेक सर्व्होच्या होजमध्ये टी कधीच घालू नये. तिथे गळती झाली तर ब्रेक कडक होतो.

महाबळेश्वरला आयडलचा व्हॅक्यूम पुण्या-मुंबईपेक्षा कमी दिसला तर घाबरू नका. उंचीवर बाहेरचाच दाब कमी असतो.

अजून गेज घ्यायचा असेल तर सेन्सरवाला घ्या. नळी आखूड, बॉनेटखालीच राहते, केबिनमध्ये फक्त वायर येते.