शनवाऱ्याची कमान आणि अवघड उजेड

बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाज्याचा फोटो सोपा वाटतो, आणि बहुतेकांचा फसतो. कमानीखाली दाट सावली, पलीकडे रस्त्यावर खानदेशी ऊन. डोळा दोन्ही सांभाळतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. सावलीवर मोजमाप घेतलं तर पलीकडचं सगळं पांढरंफटक, उन्हावर घेतलं तर कमान काळीठिक्कर. अशा वेळी उजेडाची बाजू आधी सांभाळावी. सावलीतला तपशील रॉ फाइलमधून बराचसा वर काढता येतो, पांढरा पडून गेलेला भाग परत येत नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे सूर्य मावळल्यावरची थोडी मिनिटं. तेव्हा आकाश आणि दगड यांच्यातला फरक आपोआप कमी होतो.

बुऱ्हाणपुरात छायाचित्रकाराची खरी परीक्षा शाही किल्ल्यातल्या हमामात, म्हणजे स्नानगृहात. छतावर वेलबुट्टी, रंग उडालेले, गिलाव्याचे पोपडे सुटलेले, आणि उजेड जेमतेम. इथे फ्लॅश उडवणं मला मान्य नाही. समोरून आदळणारा प्रकाश सावल्या पुसून टाकतो, आणि मोडकळीला आलेल्या वस्तूचं सगळं म्हणणं त्या सावल्यांतच असतं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून, आयएसओ 100, अॅपर्चर एफ 8 ठेवून शटर काही सेकंद उघडं ठेवावं. बटण दाबतानाचा हिसका लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. संरक्षित वास्तूत ट्रायपॉडसाठी मात्र आधी परवानगी काढावी लागते.

सावल्यांचं हे म्हणणं कळायला जुन्या दारावरची कडी घ्या. दुपारी ती नुसता तपकिरी डाग दिसते. ऊन कलून फळीला घासत जाऊ लागलं की गंजाचे पापुद्रे एकेक सुटे दिसतात, आणि वर्षानुवर्षं कडी आपटून लाकडात पडलेला अर्धगोल खळगाही उठून येतो. ऊन नसेल तर टॉर्च फळीच्या अगदी कडेला, जवळजवळ समांतर धरावा.

कुंडी भंडाऱ्यात, मुघल सरदार खानखाना रहीमच्या काळातल्या 1615 च्या त्या भुयारी पाणीयोजनेत, दमट हवेतले थेंब फ्लॅशमध्ये पांढरे ठिपके होऊन उमटतात. तिथेही विहिरीसारख्या कुंडीतून उतरणारा उजेड धरून काम करावं.

हा खटाटोप कशासाठी, ते रॉबर्ट गिलच्या गोष्टीतून कळतं. मद्रास लष्करातल्या या अधिकाऱ्याने 1844 पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. 1856 च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला होता, आणि काचेच्या प्लेटांवर घेतलेली त्याची छायाचित्रं मात्र उरली. 1879 मध्ये तो वारला. 1991 मध्ये बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रं अगदी मंद प्रकाशात टिपली आणि अंधारात दडलेले रंग जगाला दिसले.

केवळ आगीतच नव्हे, दुरुस्तीनेही जुनी अवस्था संपते, चांगली दुरुस्ती असली तरी. म्हणून फोटोत वस्तू देखणी करायच्या भानगडीत पडू नये. भेगा भेगांसारख्याच दिसू द्याव्यात.

दिवाळीच्या रंगकामाआधी आपल्या वाड्याचं दार, कोनाडा, जिन्याचा कठडा टिपून ठेवा. माप कळावं म्हणून शेजारी एक पट्टी ठेवा, मूळ फाइल जपा आणि तिच्या नावात तारीख व गल्लीचं नाव जरूर घाला.