जुन्या विमानांच्या तेलप्रणालीचे पुनरुज्जीवन

जुन्या विमानांच्या तेलप्रणालीचे पुनरुज्जीवन म्हणजे ऐतिहासिक विमानाच्या पिस्टन इंजिनाला वंगणतेल पुरवणारी टाकी, नळ्या, पंप, गाळणी, तेलशीतक आणि दाबमापक हे भाग उतरवून, स्वच्छ व दुरुस्त करून, तपासून पुन्हा बसवण्याचे काम होय. संग्रहालयात नुसते उभे राहणाऱ्या विमानाला बाह्य रंगरंगोटी पुरते. उडणाऱ्या विमानात मात्र तेलाचा दाब नाहीसा झाल्यास धारवे (बेअरिंग) काही मिनिटांत वितळतात. विमानाला एकच इंजिन असेल, तर वैमानिकापुढे मिळेल त्या जमिनीवर उतरण्यावाचून पर्याय उरत नाही.

रचना

बहुतेक जुन्या विमानांत तेल इंजिनाच्या तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत ठेवतात. दाब-पंप टाकीतील तेल धारव्यांकडे ढकलतो आणि परत-पंप इंजिनात निथळलेले तेल टाकीत नेऊन सोडतो. निथळलेल्या तेलात हवा मिसळून फेस झालेला असतो, म्हणून परत-पंपाची क्षमता दाब-पंपापेक्षा जास्त ठेवतात. याच कारणाने टाकी काठोकाठ भरत नाहीत आणि तिची हवानळी मोकळी राखतात.

ब्रिटिश बनावटीच्या टायगर मॉथ या द्विपंखी प्रशिक्षण विमानाने पहिले उड्डाण 1931 मध्ये केले. त्याचे जिप्सी मेजर हे चार सिलिंडरांचे, 130 अश्वशक्तीचे इंजिन उलटे बसवलेले असते. भुजादंड (क्रँकशाफ्ट) वर आणि सिलिंडर खाली. त्याची तेलटाकी विमानाच्या डाव्या कुशीला बाहेरून असते, त्यामुळे वाऱ्याच्या झोताने तेल आपोआप निवते. झडपांच्या पेट्या सर्वांत खाली येत असल्याने त्यांत तेल हाताने निराळे भरावे लागते. भारतीय वायुसेनेच्या ऐतिहासिक विमानांच्या ताफ्यात हे विमान आहे; त्याच ताफ्यात 2018 मध्ये दाखल झालेल्या डकोटाला मात्र प्रत्येकी चौदा सिलिंडरांची दोन तारकाकृती इंजिने आहेत.

स्वच्छता

या कामातील सर्वाधिक वेळ सफाईत जातो आणि तो जायलाच हवा. अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या विमानात तेलाचा घट्ट गाळ, गंज आणि धातूचा चुरा साचलेला असतो. पूर्वी इंजिनातील एखादा धारवा तुटला असेल, तर त्याचे कण तेलशीतकाच्या अरुंद वाटांत अडकून बसतात. नुसत्या द्रावकाने ते निघत नाहीत. नव्याने बांधलेले इंजिन सुरू होताच तेलाबरोबर सुटून कोऱ्या धारव्यांत शिरतात. म्हणून शीतक श्राव्यातीत लहरींनी स्वच्छ करतात किंवा सरळ बदलतात. महागडे इंजिन बांधून जुना शीतक तसाच जोडणे ही काटकसर नव्हे.

टाकीच्या आतील आडपडद्यांमागेही गाळ दडतो. सांध्यांना चीर गेली आहे का, हे पाहण्यासाठी तोंडे बंद करून अगदी थोड्या दाबाची हवा भरतात व बाहेरून साबणाचे पाणी लावतात. दाब वाढल्यास पातळ पत्रा फुगतो. झाळकामापूर्वी टाकी पूर्ण धुऊन बाष्परहित करतात, अन्यथा स्फोट होतो.

पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनांत एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. ते एकदा वापरून बाहेर फेकले जाई आणि वैमानिकाच्या अंगावर त्याचा फवारा येई. वाळलेल्या एरंडेलाचा चिकट थर अल्कोहोलने सुटतो. त्यात खनिज तेल मिसळत नाहीत.

नळ्या आणि जोड

तांब्याच्या नळ्या इंजिनाच्या कंपनाने कडक होऊन तडकतात. त्या लालसर होईपर्यंत तापवून मऊ करतात. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. तापवल्याने आत आलेली काळी पपडी काढली नाही, तर तीच पुढे तेलात उतरते. रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसली तरी आतून सोलत असते, म्हणून ती नेहमी नवीच घालतात.

अमेरिकी विमानांतील नळीचे पसरट तोंड 37 अंशांचे असते, तर मोटारगाडीच्या दुकानात मिळणारे जोड 45 अंशांचे असतात. आटे जुळले तरी ते घट्ट बसत नाहीत. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दोष असल्यास तेल बाहेर गळेलच असे नाही. पंप हवा ओढतो आणि काटा थरथरतो. हा दोष सापडण्यास सर्वांत अवघड.

पंप, जोडणी आणि पहिली सुरुवात

पंपाच्या दंतचक्रांतील फटी जाडीच्या पात्यांनी मोजतात. दाब-नियंत्रक झडपेची बैठक झिजली असेल, तर स्प्रिंग आवळून दाब वाढवणे म्हणजे दोष झाकणे होय. जोडणीनंतर बोल्टांना कुलूपतार अशा दिशेने ओढून बांधतात, की ती बोल्टाला घट्ट होण्याकडेच खेचेल.

इंजिन सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून, पंपात तेल भरून, दाबमापकाचा काटा हलेपर्यंत पंखा हाताने फिरवतात. तारकाकृती व उलट्या इंजिनांत खालच्या सिलिंडरांत तेल उतरलेले असू शकते. तसे असताना यंत्राने फिरवल्यास दट्ट्याचा दांडा वाकतो. सुरू झाल्यावर सुमारे 30 सेकंदांत दाब न दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करतात.

नव्याने बांधलेल्या इंजिनात प्रथम साधे खनिज तेल भरतात. गाळ सोडवणारे आधुनिक तेल न धुतलेल्या जुन्या इंजिनात घातल्यास सुटलेला गाळ तेलमार्ग बंद करतो. पहिल्या काही तासांनंतर गाळणी उघडून तिच्यातील कण चुंबकाने तपासतात. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे असतात. न चिकटणारे पिवळसर वा करडे कण बहुधा धारव्यांचे असतात आणि ते आढळल्यास इंजिन पुन्हा उघडावे लागते.