नागपूरच्या जुन्या व्हीसीए मैदानाला निरोप

वाशिम अकोला जिल्ह्यातला तालुका होता तेव्हापासून आम्हा वाशिमकरांसाठी मोठं क्रिकेट म्हणजे नागपूर, आणि नागपूर म्हणजे सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए मैदान. जामठ्याचं नवं स्टेडियम आलं, 2008 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली आणि हे मैदान आंतरराष्ट्रीय सामन्यांना मुकलं. मला ते आजही लागतं.

31 ऑक्टोबर 1987 तर विसरणं शक्यच नाही. विश्वचषकात समोर न्यूझीलंड. चेतन शर्मानं रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड या तिघांचे लागोपाठ त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक! मग गटात अव्वल यायचं तर 222 धावा झपाट्यानं हव्या होत्या. अंगात ताप असताना गावसकरनं 88 चेंडूंत नाबाद 103 केल्या आणि 33 व्या षटकात सामना संपवला. एवढ्या मोठ्या कारकिर्दीतलं त्याचं एकदिवसीय शतक हे एकच, आणि ते आपल्या विदर्भात!

पहिली कसोटी इथे 1969 ची, तीही न्यूझीलंडशीच. ती आपण हरलो. शेवटची मार्च 2006 मध्ये, इंग्लंडविरुद्ध. तिथे कूकनं पदार्पणातच शतक ठोकलं, तर पानेसरनं पहिलाच बळी घेतला तो सचिनचा.

1995 मध्ये भिंत कोसळून इथेच प्रेक्षकांचे जीव गेले होते. नवं, सुरक्षित स्टेडियम हवंच होतं, हे मान्य. पण जुनं मैदान पाडलेलं नाही, विदर्भाचे रणजी सामने तिथेही झाले आहेत. नागपूरला गेलात आणि सामना असेल, तर पोरांना घेऊन जरूर जा.