मिसरीची डबी आणि न दुखणारी जखम

"तंबाखू खाता का?" निपाणी भागातल्या एखाद्या मावशींना विचारा, त्या ठाम नाही म्हणतील. "मग मिसरी?" "ती लावते की, सकाळ-संध्याकाळ." तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, ठसका लागतो म्हणून पोरांना बाहेर पिटाळायचं, मग चुरून डबीत भरायची. नाव बदललं तरी डबीत तंबाखूच असते. भाजल्यानं तिच्यातली कर्करोगकारक द्रव्यं जात नाहीत आणि थुंकली तरी हिरडीला लागायची ती लागतेच.

इथं हे बोलणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. याच पिकाच्या भावासाठी १९८१ मध्ये निपाणीत आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी गेले. वखारीतल्या जर्द्यावर कितीतरी चुली पेटल्या. ज्यानं पोट भरलं त्याला विष म्हणायला जीभ रेटत नाही. पण पिकाशी असलेलं नातं आणि गालात धरलेली गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या सुपारीलाही सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक असल्याचं नोंदवलं आहे.

सगळ्यात घातक समजूत मात्र वेगळीच आहे: "दुखत नाही, मग काय असणार?" तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, उगाच हलणारा दात, मानेतली गाठ ही त्याची चिन्हं. तिखट सोसेनासं होणं किंवा तोंड कमी उघडणं हा सुपारीनं होणाऱ्या आजाराचा इशारा असतो. आपल्या हाताची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जात नसतील तर तपासून घ्यावं. कित्येक जण 'उष्णता झालीय' म्हणून महिनोन्‌महिने मलम लावत बसतात. तो गेलेला वेळ नंतर कुठलंही मोठं इस्पितळ भरून देऊ शकत नाही.

मग डॉक्टर तुकडा काढायचा म्हणतात आणि घरातलं कुणीतरी सांगतं, "हत्यार लागलं की पसरतो." बायोप्सीनं कर्करोग पसरत नाही. पसरतो तो तुकडा काढायला टाळाटाळ केलेल्या महिन्यांत.

तोंडाच्या शस्त्रक्रियेतच मानेतल्या ग्रंथीही काढायच्या ठरतात, तेव्हा नातेवाईक विचारतात, "मानेत गाठ नाही, तर मान कशाला कापता?" ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर मुंबईच्या टाटा रुग्णालयानं दिलं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण होते. ज्यांच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या त्यांच्यापैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के.

"एकदा झाला की संपलं" हेही खरं नाही. शरद पवारांवर २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, वीस वर्षांनंतरही ते प्रचारसभा घेत होते. आर. आर. आबा २०१५ मध्ये याच आजारानं गेले, अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी. दोघंही आपलीच माणसं.

शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना सुमारे सहा आठवडे किरणोपचार लागतात. त्यानं अंगात किरणं साठत नाहीत. नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. आजार संसर्गजन्य नाही, ताट-वाटी वेगळी काढू नये. वेगळी काढलेली वाटी जखमेपेक्षा जास्त लागते. किरणोपचाराआधी दात मात्र तपासून घ्यावेत. पुढे परस्पर दात उपटला तर जबड्याचं हाड चिघळू शकतं.

घरी आल्यावरची लढाई कुणी सांगत नाही. तोंड कोरडं पडतं, चव महिनोन्‌महिने येत नाही, तांबड्या रश्श्याचा वास नुसता घ्यायचा. गार ताक, नाचणीची पातळ आंबील, तूप घातलेला मऊ भात यांवर दिवस काढायचे. आणि जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या. आज आठ मावल्या, पंधरा दिवसांनी नऊ. डोळ्यांत पाणी येतं, पण हा व्यायाम सोडला तर घास जायची वाट बंद होते. "आता झालाच आहे, तर तंबाखू सोडून काय उपयोग?" म्हणणाऱ्यांनी ऐकावं: चालू ठेवली तर उपचारांचा गुण कमी येतो आणि दुसरा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

पैशांचा प्रश्न सीमाभागात दुहेरी. निपाणीहून कोल्हापूर जवळ, पण कार्ड कर्नाटकचं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमागावांना देण्याचा निर्णय घेतला, कर्नाटकनं त्याला विरोध केला. या ओढाताणीत रुग्णानं थांबू नये. दोन्हीकडचे कागद पिशवीत ठेवावेत आणि दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठावं.

रुग्णासोबत जो येतो, त्यानंही त्याच दिवशी डॉक्टरांपुढे आपलं तोंड उघडावं. घरात डबी बहुधा एकच असते.