तारांगण : घुमटाखालचें आकाश

सन १७७४ च्या मे महिन्यांत हॉलंडच्या उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतांत मोठी घबराट उडाली होती. ता. ८ मे रोजीं पहाटे बुध, शुक्र, मंगळ, गुरु आणि चंद्र हे पांच गोल आकाशाच्या एकाच भागांत जवळजवळ दिसणार होते. हे गोल एकमेकांवर आदळतील, त्या धक्क्यानें पृथ्वी आपल्या मार्गावरून ढळेल आणि सूर्याकडे ओढली जाऊन भस्म होईल, असें भाकीत करणारी एक पुस्तिका त्या प्रांतांत पसरली होती. ठरलेला दिवस उगवला व मावळला. पृथ्वी जागच्या जागीं राहिली. परंतु लोकांचें भय पाहून फ्रानेकर गांवचा एक गृहस्थ मात्र स्वस्थ बसला नाहीं.

त्याचें नांव आइसे आइसिंगा. धंदा लोकर विंचरण्याचा. विद्यापीठाचें शिक्षण नाहीं. परंतु गणिताचा नाद लहानपणापासूनचा. ग्रह खरोखर कसे फिरतात हें लोकांना डोळ्यांनीं दिसलें, तर असल्या भाकितांना कोणी भिणार नाहीं, असें त्याच्या मनानें घेतलें. त्यानें आपल्या राहत्या घरांतील बैठकीच्या खोलीचें छत निवडलें, त्याच्या मध्यावर सूर्य बसविला आणि भोंवतालच्या वर्तुळाकार खांचांतून बुधापासून शनीपर्यंतचे सहा ग्रह टांगले. छताच्या वरच्या पोकळींत लांकडी चक्रें आणि कडीं, त्यांना दांत्यांच्या जागीं हातानें घडविलेले सुमारें दहा हजार खिळे, आणि या सर्वांना चालविणारें लंबकाचें घड्याळ, असा हा पसारा होता. छतावरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशांतील दहा लक्ष किलोमीटर, हें प्रमाण त्यानें धरलें होतें. पृथ्वी त्या छतावर वर्षांत एक फेरी पुरी करते, तर शनीला साडेएकोणतीस वर्षें लागतात. सात वर्षांच्या खटपटीनंतर १७८१ सालीं हें यंत्र पूर्ण झालें. त्याच वर्षीं विल्यम हर्शलला युरेनस हा नवा ग्रह सांपडला. त्याला मात्र या छतांत जागा उरली नव्हती. आइसिंगाचें यंत्र आजहि चालू आहे आणि २०२३ सालीं युनेस्कोनें त्या घराचा जागतिक वारशांत समावेश केला.

तारांगणाच्या इतिहासाचा आरंभ या बैठकीच्या खोलींत करण्यास एक कारण आहे. आकाशाविषयींचें भय उपदेशानें जात नाहीं, तें पाहण्यानें जातें, ही गोष्ट त्या लोकरवाल्यानें ओळखली होती. तथापि त्याच्या यंत्रांत एक मर्यादा होती. त्याचा प्रेक्षक सूर्यमालेच्या बाहेर उभा राहून तिच्याकडे पाहत असतो. माणूस मात्र पृथ्वीवर राहतो. त्याला ग्रह दिसतात ते ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर, कधीं पुढें सरकणारे तर कधीं मागें फिरणारे. अंगणांत उभें राहून दिसणारें हें आकाश घरांत कसें आणावें, हा प्रश्न पुढें दीडशें वर्षें तसाच राहिला.

म्युनिक येथील जर्मन संग्रहालयाचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांनीं पहिल्या महायुद्धापूर्वीं हा प्रश्न येना गांवच्या झाइस कारखान्यापुढें ठेविला. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक यंत्रें यांबद्दल हा कारखाना विख्यात होता. आरंभीची कल्पना अशी होती कीं, पत्र्याचा एक प्रचंड पोकळ गोल करावा, त्याला ताऱ्यांच्या जागीं भोंकें पाडावीं, प्रेक्षकांना आंत बसवावें आणि गोल त्यांच्याभोंवतीं फिरवावा. असा एक गोल शिकागो येथें १९१३ सालीं तयारहि झाला होता. त्याचा व्यास पंधरा फूट होता आणि एका वेळीं मोजकींच माणसें त्यांत मावत. शिवाय अशा गोलांत ग्रहांच्या स्वतंत्र गति दाखविणें महाकठीण. इतक्यांत महायुद्ध पेटलें आणि काम थांबलें.

युद्ध संपल्यावर १९१९ सालीं कारखान्यांतील यंत्रशास्त्रज्ञ वाल्टर बावर्सफेल्ड यांना एक साधी युक्ति सुचली. घुमट फिरवूंच नये. तो पांढरा आणि स्थिर असावा. फिरावें तें मधोमध ठेवलेलें लहानसें यंत्र, आणि त्यानें ताऱ्यांचे प्रकाशबिंदु घुमटावर टाकावे. एवढ्या एका पालटानें सगळी अडचण दूर झाली. टनावारी वजनाचा गोल फिरविण्याऐवजीं आतां नुसता प्रकाश फिरवावयाचा होता. चलनाच्या घसरणीनें जर्मनी हवालदिल झालेला असतांना, १९२३ च्या उन्हाळ्यांत, येना येथील कारखान्याच्या गच्चीवर घुमट उभारून या यंत्राची चांचणी झाली. त्या घुमटासाठीं बारीक लोखंडी कांबींचें जाळें करून त्यावर सिमेंट काँक्रीटचा पातळ थर दिला होता. पुढें मोठमोठ्या इमारतींवर जीं पातळ कवचाचीं छपरें आलीं, त्यांचा उगम या गच्चींत आहे. त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या २१ तारखेस म्युनिक येथें यंत्राचा पहिला प्रयोग झाला आणि मे १९२५ पासून तें सर्व लोकांना खुलें झालें.

यंत्राची रचना समजून घेण्यासारखी आहे. मध्यें एक प्रखर दिवा. त्याच्या भोंवतीं गोलाकार सांगाडा, आणि त्यांत सर्व दिशांना तोंड केलेलीं एकतीस भिंगें. प्रत्येक भिंगामागें आकाशाच्या एकेका तुकड्याची चकती. त्या चकतीवर प्रत्येक ताऱ्याच्या जागीं छिद्र. तारा तेजस्वी असेल तर छिद्र मोठें, मंद असेल तर बारीक. हे सगळे तुकडे घुमटावर एकमेकांस इतके बेमालूम भिडतात कीं सांधा दिसत नाहीं. अशा रीतीनें सुमारें साडेचार हजार तारे एकदम उजळतात. जो तारा क्षितिजाखालीं गेला, त्याचा प्रकाश प्रेक्षकांच्या डोळ्यांवर पडूं नये, म्हणून भिंगांवर पापण्या बसविलेल्या असतात. यंत्र फिरतांना त्या स्वतःच्या वजनानें आपोआप मिटतात.

पहिल्या यंत्रांत एक उणीव होती. त्यांत म्युनिकच्या अक्षांशावरून दिसणारें आकाशच तेवढें दिसे. ती उणीव लवकरच भरून निघाली. दुसऱ्या नमुन्यांत एका दांड्याच्या दोन टोकांस दोन गोल बसविले. एक उत्तर आकाशाचा, दुसरा दक्षिण आकाशाचा. आतां घुमटाखालीं बसल्या जागीं मुंबईहून निघून विषुववृत्त ओलांडून दक्षिण ध्रुवापर्यंत जातां येऊं लागलें. उत्तरेकडे जावें तसा ध्रुवतारा वर चढतो आणि दक्षिणेकडे जावें तसा तो खालीं उतरून अखेर बुडतो, हें भूगोलाच्या पुस्तकांतील वाक्य येथें डोळ्यांपुढें घडूं लागलें.

परंतु या यंत्राचा खरा चमत्कार ताऱ्यांत नाहीं, तो ग्रहांत आहे. प्रत्येक ग्रहासाठीं एक स्वतंत्र दीप आहे. त्याच्या तळाशीं दोन चक्रें असतात: एक पृथ्वीच्या कक्षेचें, दुसरें त्या ग्रहाच्या कक्षेचें. या दोन्ही चक्रांवरील बिंदूंना जोडणारा दांडा ज्या दिशेस वळेल, त्या दिशेस दीपाचा किरण जातो. म्हणजे पृथ्वीवरून ग्रहाकडे जाणारी दृष्टिरेषाच तेथें धातूची घडविलेली असते. यंत्र चालू केलें कीं मंगळ ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतो, मंद होतो, थबकतो, उलट फिरतो, पुन्हां थबकतो आणि पुन्हां पुढें जातो. मंगळाला मागें फिरविणारें असें वेगळें चक्र यंत्रांत कोठेंच नाहीं! आगगाडींत बसलेल्या उतारूनें शेजारच्या रुळांवरील सावकाश चाललेल्या गाडीकडे पाहावें. आपली गाडी तिला मागें टाकूं लागली कीं ती उलट जातेसें भासतें. पृथ्वी मंगळाला ओलांडून जाते तेव्हां नेमकें हेंच होतें. ज्या घरांत पंचांग उघडून ग्रह वक्री आहे कीं मार्गी हें पाहिलें जातें, त्या घरांतील मंडळींनीं हें दृश्य एकदां अवश्य पाहावें. ग्रह रुसून मागें फिरत नाहीं. पाहणाऱ्याची पृथ्वीच पुढें जात असते.

पंचांगाचा दुसराहि एक धागा येथें उलगडतो. पृथ्वीचा आंस भोंवऱ्यासारखा डुलतो आणि सुमारें सव्वीस हजार वर्षांत एक फेरा पुरा करतो. हेंच अयनचलन. माणसाच्या आयुष्यांत ही गति जाणवतहि नाहीं. तारांगणांत मात्र कांहीं मिनिटांत सबंध फेरा पाहतां येतो. ध्रुवताऱ्याची जागा ढळते आणि सुमारें बारा हजार वर्षांनंतरच्या आकाशांत अभिजित हा तेजस्वी तारा ध्रुवाजवळ येतो. उत्तरायण डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस सुरू होत असतां तिळगूळ मात्र जानेवारीच्या मध्यावर कां वांटतात, याचें उत्तरहि या डुलण्यांत आहे; एके काळीं हे दोन दिवस एकच होते. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ओरायन' ग्रंथांत वेदांच्या काळाचा जो विचार केला, तो वसंतसंपात एके काळीं मृग नक्षत्रांत होता या मुद्द्यावर. तें अनुमान मान्य करावें कीं न करावें हा विद्वानांचा प्रश्न. परंतु संपात मृगाकडून रोहिणी, कृत्तिका असा सरकत आजच्या मीन राशींत कसा आला, हें घुमटाखालीं कोणालाहि दिसतें.

अशा रीतीनें जें केवळ कौतुकाचें साधन वाटलें, तें एके दिवशीं जिवाचें रक्षण करणारें ठरलें. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील मोरहेड तारांगणांत १९६० पासून १९७५ पर्यंत अंतराळवीरांना ताऱ्यांची ओळख करून देण्यांत येत असे. प्लायवुडचे सांगाडे आणि न्हाव्याच्या दुकानांतल्यासारख्या कलणाऱ्या खुर्च्या यांतून यानाच्या कोठडीची नक्कल उभी केलेली होती. लहानशा खिडकींतून आकाशाचा तुकडा दिसे आणि शिकणाऱ्यानें तो कोणता हें सांगावयाचें असे. मे १९६३ मध्यें गॉर्डन कूपर हा वीर एकटाच पृथ्वीभोंवतीं बावीस फेऱ्या करून परतण्याच्या बेतांत असतांना त्याच्या यानाची स्वयंचलित यंत्रणा बंद पडली. यानाचा कल किंचित् चुकला असता तर परत येणें दुर्घट होतें. कूपरनें खिडकींतून दिसणारें क्षितिज, ओळखीचे तारे आणि मनगटावरचें घड्याळ यांच्या आधारानें यान हातानें वळविलें आणि तो आपली वाट पाहणाऱ्या जहाजापासून अवघ्या कांहीं मैलांवर समुद्रांत उतरला. नोव्हेंबर १९६९ मध्यें चंद्राकडे निघालेल्या अपोलो १२ यानावर उड्डाणानंतर मिनिटभराच्या आंत दोनदां वीज पडली आणि त्याच्या दिशादर्शक यंत्राचें भान हरपलें. तें भान पुन्हां आणलें गेलें तें ताऱ्यांकडे पाहूनच.

भारतांत तारांगण पाहण्याची सोय स्वातंत्र्यानंतर झाली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें १९५४ सालीं एक लहानसें तारांगण सुरू झालें. कलकत्त्याचें भव्य बिर्ला तारांगण १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांतलें. मुंबईस वरळी येथें नेहरू तारांगण १९७७ सालीं उघडलें. अलीकडे यंत्राचें रूपहि पालटलें आहे. १९८३ पासून संगणकानें चित्र काढणारीं तारांगणें आलीं आणि आतां प्रेक्षकाला पृथ्वी सोडून शनीच्या कड्यांजवळून, ताऱ्यांच्या पलीकडे आकाशगंगेच्या बाहेरहि नेतां येतें. युरोपच्या गाया यानानें एकशें ऐंशी कोटींहून अधिक प्रकाशबिंदूंची जी मोजदाद केली, ती अशा प्रवासाची शिदोरी झाली आहे. मात्र चित्रांची दाटी झाली म्हणजे आकाश पाहण्याऐवजीं चित्रपट पाहिल्याचें समाधान घेऊन प्रेक्षक घरीं जाण्याचा संभव असतो. म्हणून चांगला निवेदक आजहि दिवे मंद करून आधीं आजच्या रात्रीचें आकाश दाखवितो आणि घरीं गेल्यावर कोणत्या दिशेस काय पाहावें, तें सांगतो.

आइसिंगाच्या हेतूची आठवण येथें पुन्हां होते. फेब्रुवारी १९६२ मध्यें, म्हणजे फ्रीसलंडच्या घबराटीनंतर जवळजवळ एकशें अठ्ठ्याऐंशी वर्षांनीं, भारतांत अष्टग्रहीचें भय पसरलें होतें. सूर्य, चंद्र, पांच ग्रह आणि केतु मकर राशींत एकत्र येणार म्हणून ठिकठिकाणीं यज्ञ झाले. ते दिवसहि नेहमींसारखेच आले आणि गेले. एकत्र दिसणारे ग्रह एकमेकांपासून कोट्यवधि किलोमीटर दूर असतात; ते केवळ एका दिशेस असतात, एका ठिकाणीं नसतात. ही दोन वाक्यें सांगावयास सोपीं, परंतु भ्यालेल्या मनाला तीं पटत नाहींत. घुमटाखालीं बसलेल्या मुलाला मात्र तीं सांगावीं लागत नाहींत. पृथ्वी सोडून थोडें बाजूस गेलें कीं एका ओळींतले ग्रह पांगलेले त्याला दिसतात.

मोठ्या शहरांत दिव्यांच्या झगझगाटानें आतां बहुतेक तारे झांकून टाकले आहेत. नितळ, काळोख्या रात्रीं नुसत्या डोळ्यांना एका वेळीं दोन-अडीच हजार तारे दिसतात. शहराच्या गच्चीवरून मोजूं गेल्यास तितके डझनहि भरत नाहींत. म्हणून शहरांतील कित्येक मुलांची मृग, सप्तर्षि आणि आकाशगंगा यांच्याशीं पहिली गांठ घुमटाखालींच पडते. तो घुमट आकाशाची जागा घेऊं शकत नाहीं आणि तशी त्याची प्रतिज्ञाहि नाहीं. तेथें ओळखलेला मृग पुढें एखाद्या गांवाच्या माळावर खऱ्या आकाशांत मुलानें बोटानें दाखविला, म्हणजे त्या काळोखांत घालविलेल्या घटकेचें सार्थक झालें.